उडत्या नावेची पायरी

माझे मामा मुंबईच्या गोदीत फिटरचे काम करीत. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि उन्हाळ्यात, ते आमच्याकडे शिरोळला येत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून काय बाहेर पडते याची मी वर्षभर वाट पाहत असे. मी सहावीत होतो, त्या वर्षी मी त्यांना पत्र लिहून एकच वस्तू मागितली होती : स्पिटफायर विमानाचा नकाशा. शाळेच्या वाचनालयातील एका पुस्तकात मी त्या विमानाचे चित्र पाहिले होते आणि तेव्हापासून त्याचा लाकडी नमुना करण्याचा ध्यास मला लागला होता.

मामा आले. पेटी उघडली. तळाशी ठेवलेला, चहात बुडवून काढल्यासारखा पिवळा पडलेला एक घडीचा कागद त्यांनी माझ्या हाती दिला. रद्दीच्या दुकानात तो त्यांना मिळाला होता. मी तो जमिनीवर उलगडला आणि माझा चेहरा उतरला. बदकासारखे फुगीर पोट, त्यावर एकावर एक बसवलेल्या पंखांच्या दोन जोड्या, त्यांच्यामध्ये काठ्यांचे आणि तारांचे जाळे! इंजिन नाकाशी असावयाचे ते दोन पंखांच्या मध्ये उंचावर, तेही मागे तोंड करून बसवलेले.

“हे विमान आहे की होडी?” मी विचारले.

“दोन्ही,” मामा म्हणाले. “याला उडती नाव म्हणतात. वॉलरस म्हणून ही ओळखली जाते. आणि तू स्पिटफायर मागितलेस ना? मग हे त्याचे थोरले भावंड समज. दोन्ही एकाच माणसाने काढली.”

त्या माणसाचे नाव रेजिनाल्ड मिचेल. स्पिटफायरने पहिले उड्डाण केले ते ५ मार्च १९३६ रोजी. परंतु त्याच्या जवळजवळ तीन वर्षे आधी, २१ जून १९३३ रोजी, मिचेलची ही बेढब नाव आकाशात गेली होती. स्पिटफायरची कीर्ती जगभर पसरली आणि वॉलरस मागे पडली. मलाही त्या दिवशी ती मागेच ठेवावी असे वाटले. मामांच्या ते ध्यानात आले असावे. कारण रात्री अंगणात बाजेवर पडल्यापडल्या त्यांनी तिची हकिकत सांगितली.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ कितीतरी वैमानिक समुद्रात पडत. छत्रीच्या आधाराने पाण्यावर उतरलेला माणूस थंडीने काकडून थोड्याच वेळात मरण पावे. अशा वेळी ही मंदगती नाव घरघरत येई, लाटांवर उतरे आणि आतील माणसे हात देऊन त्याला वर ओढून घेत. तिचा वेग फार झाला तर तासाला सव्वादोनशे किलोमीटर. तिच्यावर तोफा-बंदुकांचा फारसा साज नव्हता. पण युद्ध संपेपर्यंत अशा पथकांनी हजाराहून अधिक वैमानिकांना पाण्यातून उचलले. कधीकधी आत इतकी माणसे घेतली जात, की त्या भाराने नाव उडेनाशी होई. मग ती तशीच, होडीप्रमाणे, पाण्यावरून चालत किनारा गाठी.

“उडता आले नाही तरी तिला घरी येता येते,” मामा म्हणाले. “स्पिटफायरला ते जमायचे नाही.”

मी काही बोललो नाही. पण सकाळी उठून तो कागद पुन्हा उलगडला.

आमचे आजोबा सुतार होते आणि त्यांचा हात नावांवर बसलेला होता. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आमच्यापासून जवळ, नृसिंहवाडीस आहे. एकेकाळी त्या काठची माणसे, बाजाराची ओझी, यात्रेकरू, शेळ्यामेंढ्या हे सारे नावेतून ये-जा करीत. आजोबांनी बांधलेल्या नावा त्या पाण्यावर होत्या. पुढे पूल झाले, रस्ते झाले, मोटारी आल्या. आजोबांकडे नाव बांधून मागणारे कोणी उरले नाही. ते बैलगाडीची साटी दुरुस्त करीत, दारांच्या चौकटी करीत. परंतु त्यांचा वाकस बहुतेक खुंटीला टांगलेलाच असे. म्हणून मी नकाशा घेऊन त्यांच्याजवळ गेलो तेव्हा ते विमानाच्या पंखांकडे पाहतच नव्हते. त्यांचे बोट पोटाच्या रेषेवरून फिरत होते.

नकाशावर एका फुटाला पाव इंच असे प्रमाण होते. मी ते दुप्पट केले : एका फुटाला अर्धा इंच. म्हणजे माझी वॉलरस खऱ्या वॉलरसच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी होणार. खरीचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ४६ फूट, माझीचे २३ इंच. खरीची लांबी साडेसदतीस फूट, माझीची पावणेएकोणीस इंच. एका दुपारी ही सगळी मापे मी वहीत मांडली आणि फार मोठे गणित सोडवल्याच्या आनंदात होतो. पण एक गणित राहून गेले होते. त्याकडे मी पुढे येतो.

आजोबांनी पांगाऱ्याचे लाकूड निवडले. पांगारा हलका आणि मऊ. खेळणी करणारे कारागीर तो वापरतात. त्यांनी ओंडका फोडला, वाकसाने वरवरचा आकार आणला आणि मग पटाशी हातात घेतली. आजोबा डावखुरे होते. त्यांच्या शेजारी बसलेल्याच्या अंगावर नेहमी विरुद्ध बाजूने ढलप्या उडत. दोन दिवसांत बदकाचे पोट तयार झाले. मग मी नकाशावरील एक जागा त्यांना दाखवली. पंखांच्या खाली, तळाच्या साधारण मध्यावर, रेषा एकाएकी वर चढून पुन्हा मागे गेलेली होती. जणू तळाला कोणी आडवी पायरी पाडली होती.

आजोबांनी मान हलवली.

“आरं, नावंच्या तळाला कुणी खाच पाडतं व्हय? वाहतं पानी तितं अडकंल. तळ कसा, माशाच्या पोटावानी गुळगुळीत पायजे. छापणाऱ्याची चूक हाय ही.”

ज्यांनी आयुष्यभर नावा केल्या त्यांच्यापुढे मी काय बोलणार? शिवाय पायरी नसलेला तळ मलाही अधिक सुंदर दिसत होता. आम्ही पायरी गाळली.

आता ते राहिलेले गणित. तळ आणि टप तयार झाल्यावर आम्ही ते दारातील दगडी डोणीत सोडून पाहिले. आमची बैले त्या डोणीतून पाणी पीत. बदक पाण्यात जवळजवळ गळ्यापर्यंत बुडाले. मामा अजून मुंबईस परतले नव्हते. त्यांनी विचारले, “याचे वजन किती हवे, ते काढलेस का?”

खरी वॉलरस माणसांसह आणि इंधनासह भरली म्हणजे सुमारे ३,२५० किलो भरे. मी तत्परतेने त्यास २४ ने भागले. मामा हसले. लांबी चोवीसपट कमी झाली, रुंदीही चोवीसपट कमी झाली आणि उंचीही. म्हणजे २४ ने तीनदा भागावयास हवे. चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस म्हणजे १३,८२४. भागाकार करून आलेले उत्तर पाहून माझा विश्वासच बसेना : २३५ ग्रॅम! पाव किलोसुद्धा नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या तराजूत आम्ही आमचे बदक ठेवले. नुसते पोटच ६०० ग्रॅम भरले; पंख आणि इंजिन अजून व्हावयाचे होते.

मग आजोबांनी ते पोट दोन उभ्या फाकांत चिरले आणि आतून कोरण्यास प्रारंभ केला. गोल तोंडाच्या पटाशीने ते एकेक ढलपी काढत. मध्येच लाकूड उजेडाकडे धरीत. एका जागी पाहिले तर उन्हाचा तांबूस प्रकाश लाकडातून आत झिरपत होता, इतकी ती भिंत पातळ झाली होती. दर संध्याकाळी मी दुकानात वजन करून येई. ६०० चे ४००, ४०० चे २५०, २५० चे १४०. चौथ्या दिवशी ९० ग्रॅम झाले तेव्हा दुकानदारानेही तराजू सोडून टाळी वाजवली. दोन्ही फाका सरसाने जोडून आजोबांनी सांधा राळ आणि तेल यांनी बुजवला. त्यांच्या नावांचे सांधेही ते असेच भरीत.

पंखांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तेवढेच काम पूर्णपणे माझे होते. त्या काळी दोन मजली पंख का करीत, हे मला पंख करतानाच कळले. बांबूच्या कामट्यांचा एक लांब पंख मी केला तो बोटाने दाबताच वाकला. पण दोन पंख एकावर एक ठेवून मध्ये उभ्या काठ्या लावल्या आणि कोपऱ्यांतून तिरके दोरे ताणले, तेव्हा तीच हलकी रचना पुलाच्या सांगाड्यासारखी ताठ झाली. खऱ्या वॉलरसमध्ये लाकडी फासळ्यांवर कापड ताणलेले असे. मी पतंगाचा कागद चिकटवला. तिचे पंख जहाजावर जागा वाचविण्यासाठी मागे दुमडता येत. माझे दुमडत नव्हते. दोऱ्यांची टोके बांधताना माझ्या बोटांची साले निघाली, हे मात्र खरे.

इंजिन उंचावर का, याचे उत्तर डोणीनेच दिले. पाण्याचे तुषार पंख्याच्या पात्यांना लागू नयेत म्हणून तो वर आणि मागे ठेवलेला होता. पण वरचा भार वाढला म्हणजे खालची नाव डगमगणारच. आमची वॉलरस पाण्यात ठेवताच एका कुशीवर कलली आणि तिचा कागदी पंख भिजला. आजोबा म्हणाले, “पवायला शिकणाऱ्या पोराच्या बगलंत भोपळा बांधत्यात, तसं कायतरी लाव.” मी नकाशा त्यांच्यापुढे धरला. खालच्या पंखांच्या टोकांजवळ दोन चिमुकल्या होड्या काढलेल्या होत्याच! त्यांनी त्या आधी पाहिल्या नव्हत्या. स्वतःच्या डोक्यातून निघालेली युक्ती कागदावर पाहून त्यांना इतका आनंद झाला, की त्या दोन होड्या त्यांनी तेव्हाच, जेवणाचे ताट थांबवून, कोरून दिल्या.

वैशाखात नदी उतरली होती. एके सकाळी आम्ही वाडीच्या बाजूला काठावर गेलो. वॉलरसच्या नाकाला दोरा बांधला, तो एका लांब बांबूच्या टोकाला अडकवला आणि बांबू पाण्यावर आडवा धरून मी वाळूतून धावू लागलो. जोराने ओढली म्हणजे नाव पाण्यावर उचलली जाऊन निसटत जाईल, अशी माझी कल्पना होती.

हा पोरखेळ नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. जहाजे आणि उडत्या नावा यांचे नमुने लांबलचक हौदांत ओढून पाहण्याची रीतच आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली टॉर्की येथे असा हौद उभारला. नमुना २४ पटींनी लहान असला, तर त्याला वेग २४ पटींनी कमी द्यावयाचा नसतो. सुमारे पाच पटींनी कमी दिला म्हणजे पाणी खऱ्यासारखे वागते. तेव्हा एका धावत्या मुलाचा वेग आमच्या कामास पुरेसा होता.

परंतु नाव उचललीच नाही. मी जसजसा जोराने धावलो तसतसे तिचे शेपूट पाण्यात अधिकच ओढले गेले. जणू कोणी खालून तिला धरून ठेवले होते. तिसऱ्या खेपेस दोरा तुटला आणि पंखाचा एक दोराही सुटला. काठावर माझे चार मित्र उभे होते. ते हसले. मी संतापाने लाल झालो आणि आजोबांकडे वळून ओरडलो, “तुम्हाला नुसत्या जुन्या नावा कळतात, आज्जा! विमानातलं काय कळतंय तुम्हाला!”

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पाण्यात उतरून वॉलरस उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि वाटेला लागले. घरी येईपर्यंत मी त्यांच्यापासून वीस पावले मागे चालत होतो.

त्या रात्री जेवताना आई पातेल्यातून दूध वाढत होती. पातेल्याचा काठ गोल वळवलेला होता. धार वाटीत पडण्याऐवजी काठाखालून वळून पातेल्याच्या पोटावरून ओघळली आणि आईने नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला. आजोबांचा घास हातातच राहिला. ते उठले, पाण्याने भरलेला तांब्या आणला आणि अंगणात जाऊन हळूहळू ओतू लागले. तांब्याच्याही गोल ओठाला धरून पाणी मागे वळे. मग त्यांनी पत्र्याचा एक डबा घेतला. त्याचा काठ कापलेला आणि धारदार होता. त्यातून पाणी ओतले, तर ते काठावरून सरळ सुटून खाली पडले. अंधारात कितीतरी वेळ ते असे पाणी ओतीत बसले होते. मी अंथरुणात जागा होतो आणि पाण्याचा आवाज ऐकत होतो.

सकाळी उठून पाहतो तो वॉलरस पडवीत उलटी पडलेली, आणि तिच्या तळाला बरोबर नकाशातील जागी एक पायरी कोरलेली. मागची बाजू अर्ध्या बोटाने वर गेलेली, कडा सुरीसारखी धारदार. लाकूड अगोदरच पातळ असल्यामुळे त्यांनी पुढच्या भागाला खालून पांगाऱ्याची फळी जोडून ती पायरी साधली होती.

“पानी गोल काठाला धरून बसतंय,” ते म्हणाले. “धारंच्या काठाला सोडतंय. तुझा कागद खरं बोलत हुता.”

एवढेच. आदल्या दिवशी मी काय बोललो होतो त्याचा त्यांनी उल्लेख केला नाही. मीही केला नाही. करावयास हवा होता हे तेव्हाही मला कळत होते.

दुसऱ्या खेपेस मित्रांना बोलावले नाही. आम्ही दोघेच गेलो. मी धावलो. आठदहा पावलांपर्यंत नाव जड होती. मग एकाएकी बांबू हलका झाला. मी मान वळवून पाहिले. वॉलरसने शेपूट पाण्यातून सोडवून घेतले होते. पायरीच्या मागे हवा शिरली होती आणि ती तळाच्या पुढच्या अर्ध्या भागावर, पाण्याला जेमतेम स्पर्श करीत, सरसर येत होती. तिच्या मागे पाण्याची एक बारीक पांढरी रेघ उठत होती. ती हवेत उडाली नाही. तशी तिच्याकडून अपेक्षाही नव्हती. पण मागून आजोबा धोतर वर खोचून धावत येत होते आणि “पळ, पळ, थांबू नगंस!” असे ओरडत होते. त्यांना धावताना मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. पुढेही पाहिले नाही.

वॉलरस आमच्या माजघरातील कपाटावर जाऊन बसली. आजोबा गेले, मामा गेले. मी नोकरीसाठी बाहेरगावी गेलो आणि परत आलो. भारतातही उडत्या नावा उतरत असत, हे मधल्या काळात माझ्या वाचनात आले. १९३८ च्या सुमारास इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या टपालाच्या उडत्या नावा राजसमंद तलावावर, अलाहाबादेस यमुनेवर आणि कलकत्त्याजवळ हुगळीवर उतरत. त्या मात्र एकमजली पंखांच्या आणि आकाराने फार मोठ्या होत्या. आमच्या कृष्णेवर उतरल्याचे काही मी वाचले नाही. हे आजोबांना सांगावयास हवे होते, असे मला फार वाटले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. नदीकाठच्या माणसांना पुराची ओळख असते. वाडीस दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते त्या दिवशी तर लोक स्नानाला जमतात. पण हे पाणी ओळखीचे नव्हते. शिरोळ तालुक्यातील कितीतरी गावे चारी बाजूंनी वेढली गेली. बचाव पथके रबरी होड्या घेऊन आली, नौदलाचीही आली. आमच्या गल्लीत नारिंगी होडी आली तेव्हा एका जवानाने माझ्या आईला खिडकीतून उचलून घेतले. होडीत आधीच खूप माणसे होती. ती इतकी हळू चालत होती, की मला मामांची अंगणातील गोष्ट आठवली. घरातून आम्ही कागदपत्रांची पिशवी आणि औषधे तेवढी घेतली. कपाटाकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो. माजघरात घोट्याइतका गाळ होता. कपाट आडवे पडले होते, भांडी दुसऱ्या खोलीत गेली होती, भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर ओलीची रेघ होती. मी गाळ ओढता ओढता स्वयंपाकघरात गेलो, तर कोपऱ्यातील जात्यावर वॉलरस बसलेली होती. सरळ, दोन्ही बगलांच्या होड्यांवर तोललेली. पतंगाचा कागद केव्हाच गेला होता, वरचा पंख मोडला होता. पण राळेने भरलेला सांधा उलला नव्हता. कपाटावरून पाण्याने तिला उचलले असावे, ती काही दिवस घरातल्या घरात फिरली असावी आणि पाणी उतरू लागले तशी खाली येत येत जात्यावर टेकली असावी.

मी ती अंगणात नेली आणि उलटी केली. पायरीच्या कोपऱ्यात गाळ भरून वाळला होता. एक खिळा घेऊन मी तो सावकाश उकरून काढला. आत पटाशीचे घाव जसेच्या तसे होते, सगळे उजवीकडून डावीकडे गेलेले.